पहिला घोडा घेताना जात कितपत पाहावी?

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय पंचेचाळीस आणि वजन ७४ किलो. लहानपणी मामांच्या घरी घोडी होती, तिच्यावर बसण्याची सवय होती. त्यानंतर मात्र घोड्याशी संबंध आलेला नाही. आता बागेजवळ मोकळी जागा आहे आणि तेरा वर्षांच्या मुलीलाही शिकायचे आहे. शर्यत, वरात किंवा पैदास यांपैकी काहीच करायचे नाही. सकाळी शेतरस्त्याने तासभर रपेट करावी, एवढाच हेतू आहे. ओळखीच्या एका गृहस्थांकडे दोन वर्षांचा काळाभोर मारवाडी घोडा आहे आणि ते तो सवलतीत द्यायला तयार आहेत. दुसरीकडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेला एक थरोब्रेड त्याहूनही स्वस्तात मिळतो आहे. तिसरे कोणी सांगते की आपल्या मातीत भीमथडीच टिकेल. काहीच जमले नाही तर डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारात जाण्याचा विचार आहे. तेव्हा पहिलाच घोडा म्हणून जात कोणती निवडावी?

मी सातारा जिल्ह्यात घोडे फिरवण्याचे आणि नवशिक्यांना मांड शिकवण्याचे काम करतो, आणि खरेदीच्या वेळी घोडा पारखण्यासाठी लोक मला सोबत नेतात. हा प्रश्न मला जवळजवळ याच शब्दांत पुनःपुन्हा विचारला जातो. त्यात जातीविषयी विचारलेले असते, पण ज्या गोष्टींवर पहिल्या मालकाचे सुख-दुःख ठरते त्या म्हणजे घोड्याचे वय, त्याला मिळालेली शिकवण आणि तो नर आहे की मादी. तुमच्याकडे आलेल्या दोन्ही प्रस्तावांत अडचण आहे ती याच ठिकाणी. जातीला महत्त्व नाही असे मी म्हणणार नाही. उंची, वजन पेलण्याची ताकद, खुरांचा कस आणि ऊन सोसण्याची क्षमता या गोष्टी बऱ्याच अंशी जातीतून येतात. परंतु स्वभावाच्या बाबतीत एकाच जातीच्या दोन घोड्यांत जेवढे अंतर आढळते, तेवढे दोन जातींच्या सरासरीत आढळत नाही, असा माझा अनुभव आहे.

याचे एक उदाहरण आपल्या भागातील प्रत्येकाने पाहिलेले असते. माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व दर वर्षी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून निघून मिरज-सांगलीवरून, सातारा जिल्हा ओलांडून आळंदीला जातात आणि पुढे तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. दोन्ही बाजूंना दाटलेली गर्दी, टाळ-मृदंगांचा कल्लोळ आणि मधल्या अरुंद वाटेने धावणारे घोडे पाहून अनेकांना वाटते की ही कोणत्या तरी विशेष जातीची करामत असणार. ती सरावाची करामत आहे. गर्दी, आवाज आणि लांबचा प्रवास यांची सवय लावलेला घोडाच तिथे उभा राहू शकतो. त्याच रक्ताचा, पण तबेल्यातून कधी बाहेर न पडलेला घोडा त्या वाटेवर दहा पावलेही सरळ जाणार नाही. आपल्यालाही अशीच आधी झालेली सवय विकत घ्यायची आहे.

म्हणून प्रथम वयाविषयी. दोन वर्षांचे जनावर कितीही उंच आणि भरलेले दिसले तरी ते अजून वाढते शिंगरू आहे. पायांची हाडे आधी पक्की होतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू राहते. त्यावर आज खोगीर आणि तुम्ही मिळून ८० किलो ठेवणे म्हणजे त्याची पाठ वेळेआधी मोडीत काढणे होय. समजा, तुम्ही संयम राखून आणखी दोन वर्षे त्यावर बसला नाहीत, तरी त्याला शिकवणार कोण? लगाम समजणे, खोगिराचा तंग आवळताना शांत उभे राहणे, ट्रॅक्टर जवळून गेला तरी न बुजणे, एकट्याने घरापासून दूर जाणे, हे सर्व त्याला अनुभवी हाताने शिकवावे लागते. ज्याला स्वतःला अजून शिकायचे आहे आणि ज्याला अजून काहीच येत नाही, अशा दोघांची जोडी जमवली की दोघेही एकमेकांना खोडी लावतात. घोडा एकदा मालकाला पाडून मोकळा झाला की ती युक्ती त्याच्या लक्षात राहते. पहिल्या मालकाने आठ ते बारा वर्षांचा, निदान तीन-चार वर्षे नियमित स्वारीखाली असलेला घोडा घ्यावा, असे मी सांगतो. लोकांना बारा वर्षे म्हणजे म्हातारपण वाटते. नीट निगा राखलेला घोडा पंचवीस वर्षांपर्यंत जगतो, आणि दहाव्या वर्षी घेतलेला घोडा तुमच्या मुलीचे कॉलेज संपेपर्यंत तिला पाठीवर घेऊ शकतो.

आता नर-मादीचा प्रश्न. आपल्याकडे देशी घोडे खच्ची करण्याची रीत फारशी रुजलेली नाही, त्यामुळे बाजारात ‘घोडा’ म्हणून जो मिळतो तो बहुधा पूर्ण नर असतो. असा नर वाईट असतो असे नाही, पण त्याला रोज काम, ठाम हात आणि इतर घोड्यांपासून अंतर लागते. तासगाव परिसराची एक गोष्ट येथे विचारात घ्यावी लागते. आटपाडी, जत आणि माण भागांतील धनगर बांधव मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा त्यांच्या बिऱ्हाडाच्या घोड्या याच रस्त्यांवरून जातात. माजावरची एक घोडी दोनशे पावलांवरून गेली तरी आपला शांत वाटणारा नर किंकाळ्या फोडून मागच्या दोन पायांवर उभा राहू शकतो, आणि त्या क्षणी पाठीवर तेरा वर्षांची मुलगी असेल तर काय, हा विचार आपणच करावा. घोडी घेतली तर उन्हाळ्याच्या सुमारास साधारण दर एकवीस दिवसांनी चार-सहा दिवस ती जरा चिडचिडी होते. काही घोडींमध्ये ते जाणवतही नाही. खच्ची केलेला शांत घोडा मिळाला तर उत्तमच, अन्यथा घोडी. पहिल्या मालकाला पूर्ण नर घेण्याचा सल्ला मी देत नाही, मग तो कोणत्याही जातीचा असो.

यानंतर वजनाचा हिशेब, कारण जातीची निवड खऱ्या अर्थाने येथून सुरू होते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. आपले वजन ७४ किलो आणि खोगीर सात किलो धरले तर ८१ किलो होतात. म्हणजे घोडा निदान ४०० किलोंच्या आसपास हवा. बाजारात वजनकाटा नसतो, पण शिंप्याची टेप पुरते. कोपरामागून छातीचा घेर घ्यावा आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून ११,८८० ने भागले की किलोंमध्ये अंदाजे वजन येते. घेर १७६ आणि लांबी १५५ असेल तर उत्तर सुमारे ४०४ येते. घेर १६५ आणि लांबी १४५ असेल तर ३३२ वरच थांबते. नुसत्या नजरेने पाहिल्यास या दोघांत फारसा फरक वाटत नाही, आणि विक्रेता दोघांनाही ‘बासष्ट इंची’ म्हणूनच दाखवतो. उंचीवर भाळू नये. पाठ आखूड, कंबर रुंद आणि पायाची नळी जाड असलेला साठ इंची घोडा लांबलचक पाठीच्या चौसष्ट इंची घोड्यापेक्षा जास्त भार सुखाने नेतो.

हे लक्षात घेऊन जातींकडे पाहू. भीमथडी ही आपल्या दख्खनची जात आहे. भीमेच्या खोऱ्यात वाढलेली, मराठ्यांच्या घोडदळाला उपयोगी पडलेली आणि आजही धनगरांच्या बिऱ्हाडामागे कोस न् कोस चालणारी ही जात अलीकडे करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. उंची साधारण पन्नास ते चोपन्न इंच, खूर दगडासारखे घट्ट, खाणे थोडे आणि आजार कमी. ‘आपल्या मातीत भीमथडीच टिकेल’ हे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर त्यात तथ्य आहे. पण यातील बहुतेक घोड्या अडीचशे-तीनशे किलोंच्या असतात. तुमच्या मुलीचे वजन चाळीसच्या आसपास असेल तर तिच्यासाठी यापेक्षा चांगले वाहन नाही; तुमच्यासाठी मात्र रोज तासभर ती घोडी लहान पडेल. शिवाय यातील अनेक घोड्या ओझ्याला सरावलेल्या असतात, लगामाला नव्हे. पाठीवर बिऱ्हाड आणि वर कोंबड्या घेऊन मेंढरांमागे निमूट चालणारी घोडी स्वार बसल्यावर एकटी कळपाबाहेर जायला नकार देऊ शकते, आणि त्यात तिचा दोष नसतो.

मारवाडी आणि काठेवाडी यांना लोक कानांवरून ओळखतात. दोघांच्याही कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात. मारवाडीचा चेहरा लांब आणि सरळ किंवा किंचित फुगीर नाकाचा असतो, काठेवाडीचा कपाळाखाली किंचित आत दबलेला. अंगाने मारवाडी थोडा उंच, साधारण अठ्ठावन्न ते बासष्ट इंच आणि हल्ली पैदास करणाऱ्यांच्या हौसेमुळे त्याहूनही वर; काठेवाडी थोडा आटोपशीर. दोन्ही वाळवंटी आणि कोरड्या मुलखातील असल्याने तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यातील ऊन त्यांना बाधत नाही. दोन्ही तल्लख आहेत. तल्लखपणा हा जाणत्या स्वारासाठी गुण आणि नवशिक्यासाठी परीक्षा असते, कारण असा घोडा तुमच्या टाचेचा अनवधानाने झालेला स्पर्शही आज्ञा समजतो. तरीही चारशे किलोंची, दहा वर्षांची, रोज स्वारीखाली असलेली मारवाडी किंवा काठेवाडी घोडी मिळाली तर ती तुम्हाला योग्य ठरेल. काळ्या रंगासाठी मात्र जास्त पैसे देऊ नका.

कच्छी-सिंधी या जातीचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, पण मी तो मुद्दाम करतो. कच्छ आणि त्याला लागून असलेल्या बाडमेर-जैसलमेर भागातील हा घोडा तोंडवळ्याने काहीसा मारवाडीसारखा दिसतो. कान वळलेले असतात, पण टोके भिडत नाहीत. हाताळायला तो सहसा शांत असतो आणि रेवाल चालीसाठी प्रसिद्ध आहे. रेवाल चालीत दुडकीसारखे आदळणे नसते. स्वार खोगिरात जवळजवळ स्थिर बसून राहतो. पंचेचाळिशीनंतर पुन्हा घोड्यावर बसणाऱ्याच्या कमरेला याचे महत्त्व लवकर कळते. आपल्या भागात हे घोडे तुलनेने कमी दिसतात, एवढीच अडचण.

थरोब्रेडविषयी स्पष्ट लिहितो. पुण्यात पावसाळ्यात आणि मुंबईत हिवाळ्यात शर्यतींचा हंगाम असतो, आणि हंगाम संपला की मागे पडलेले किंवा जायबंदी झालेले घोडे अत्यंत कमी किमतीत बाहेर पडतात. घोडा देखणा, वजनाने साडेचारशे-पाचशे किलो, त्यामुळे हिशेबात बसतो. पण दुसऱ्या वर्षापासून त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे पळणे. ज्या पद्धतीने आपण घाबरून लगाम आवळतो, त्याच ताणावर रेलून आणखी वेग घ्यायला तो शिकलेला असतो. कातडी पातळ, खुरांचा तळ पातळ, चंदी म्हणजे दाण्याचे खाद्य जास्त लागते, आणि पुढच्या पायांच्या मागील शिरांना, म्हणजे कंडरांना, जुनी दुखापत असण्याचा संभव मोठा. जाणकाराने वर्षभर नव्याने घडवलेला असा घोडा उत्तम साथीदार होतो, हेही मी पाहिले आहे. थेट रेसकोर्सवरून आलेला मात्र तुमच्यासाठी नव्हे. स्वस्त किंमत ही खर्चाची सुरुवात असते.

नुकरा म्हणून जे पांढरेशुभ्र, गुलाबी कातडीचे घोडे वरातीसाठी विकले जातात, त्यांच्या नाकाडावर आणि डोळ्यांभोवती आपल्या उन्हाने कातडी भाजते. ते या चर्चेतून सोडून देऊ.

आता तुमच्या जागेचा विचार, आणि येथे बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. हाच प्रश्न पाटण, जावळी किंवा शिराळ्याहून आला असता तर पावसाळ्यातील चिखल, सतत ओले राहणारे खूर आणि त्यांच्या खाचेत होणारी कुज हा पहिला मुद्दा झाला असता. तासगावला पाऊस बेताचा असल्याने हा त्रास कमी आहे, तरी काळ्या रानात जनावर बांधू नये. मुरूम टाकून उंच केलेली जागा, निदान बारा फूट लांब-रुंद ठाण आणि मोकळे फिरायला कुंपण घातलेला तुकडा हवा. आगाडी-पिछाडी लावून दिवसभर एका जागी बांधलेला घोडा सकाळी सोडला की तासभर आवरत नाही, आणि मालक म्हणतो जात तापट आहे.

चाऱ्याच्या बाबतीत द्राक्षपट्ट्यातील माणसाला काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, कारण त्याची सगळी समज गाई-म्हशींवरून तयार झालेली असते. चारशे किलोंच्या घोड्याला दिवसाला आठ किलोंच्या आसपास कोरडे खाद्य लागते. वर्षाचा हिशेब तीन टनांच्या घरात जातो. ज्वारीचा वाळलेला कडबा चालतो, पण हिरवी ज्वारी घोड्याला घालू नये. कोवळ्या ताटातील विषाची भीती तर असतेच, शिवाय सतत हिरवी ज्वारी खाणाऱ्या घोड्याच्या मूत्राशयाला आणि मागच्या पायांच्या ताकदीला कायमची बाधा होऊ शकते. उसाचे वाढे आणि हत्तीगवत यांत ऑक्झलेट असते, ते कॅल्शियम अडवते; त्यांवरच घोडा ठेवला आणि वर गव्हाचा कोंडा भरपूर घातला तर काही महिन्यांत हाडे ठिसूळ होतात आणि जबड्याची हाडे फुगतात. हरळी हे घोड्याचे फार चांगले गवत आहे. लसूणघास थोडा द्यावा. भिजवलेला हरभरा आणि जव यांची चंदी दोन-तीन वेळांत विभागून द्यावी, कारण घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते. बुरशी आलेला मका गाय कदाचित पचवेल, घोड्याच्या मेंदूवर मात्र त्याचा परिणाम होऊन तो दगावू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोंबड्यांचे खाद्य घोड्याच्या वाटेला येऊ देऊ नका. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. ते कोंबड्यांना उपयोगी आणि घोड्याला अगदी थोड्या मात्रेतही जीवघेणे आहे. सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी नाही तरी वस्तीवस्तीवर पोल्ट्री आहे, म्हणून हे आवर्जून सांगितले. आणि तुमच्या बागेतील सऱ्यांमधले गवत फवारण्या चालू असताना कापून घालू नका.

नालबंद आणि डॉक्टर यांची सोय घोडा येण्याआधी पाहावी. बैलाला पत्री मारणारा कारागीर तुमच्या गावात सापडेल, पण घोड्याचे खूर तासणे हे निराळे काम आहे आणि ते दर सहा ते आठ आठवड्यांनी करावे लागते. त्याचप्रमाणे गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर आपल्याकडे गावोगाव आहेत, घोड्यांचा हात बसलेले थोडे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत तासगावहून पोहोचायला काही तास लागतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोट फुगून शूळ उठला तर तासांवर हिशेब येतो. रात्री दोन वाजता ज्यांना फोन करता येईल असे डॉक्टर कोण, याचे उत्तर तुमच्याकडे नसेल तर घोडा अद्याप घेऊ नये. चंदीवर आणि औषधांवर जास्त अवलंबून असणारा थरोब्रेड आणि काटक देशी घोडी यांतला फरक येथेही दिसून येतो.

सारंगखेडा, माळेगाव किंवा अकलूज येथील बाजारांना जरूर जा. एकाच ठिकाणी शेकडो घोडे पाहून नजर तयार होते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी जे जमते ते पाहण्यासारखेच असते. परंतु पहिली खरेदी तिथे करू नये, कारण ढोलावर नाचणाऱ्या, मान ताठ ठेवून पाय आपटणाऱ्या घोड्याकडे डोळा जातो आणि तोच आपल्याला नको असतो. त्या ऐटीमागे अनेकदा काटेरी कडियाळ, म्हणजे तोंडात बसवलेला काटेरी लगाम, असते. जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार काटेरी लगामाला बंदी आहे, तरी तो वापरात दिसतो. ओठ उचलून तोंडाचे कोपरे आणि जीभ पाहावी. तेथे जुने पांढरे व्रण असतील तर त्या घोड्याने साध्या लगामाला प्रतिसाद देणे केव्हाच सोडलेले असते.

घोडा मालकाच्या घरी पाहावा, आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. प्रथम छातीवर, कानांमागे आणि तंगाच्या जागी हात लावून पाहावे. केस दमट किंवा घामाने चिकटलेले असतील तर तुम्ही येण्यापूर्वीच त्याला पळवून त्याची रग जिरवलेली आहे. मग मालकालाच खोगीर चढवायला सांगावे आणि आपण कानांकडे पाहत राहावे. तंग आवळताना कान मागे पडून दात दिसले, किंवा घोडा पोट फुगवून पाय आपटू लागला, तर पाठ दुखत असण्याची शक्यता असते. चारही खूर एकामागून एक उचलून घ्यावेत. ज्याला मागचा पाय देता येत नाही, त्याला उद्या नालबंदही हात लावणार नाही. पुढच्या पायाच्या नळीमागून वरून खाली बोट फिरवावे, शीर दोरीसारखी सरळ लागली पाहिजे. मध्येच गरम किंवा फुगीर लागली तर तिथे थांबावे. नंतर कडक जमिनीवर, ढिल्या दोरावर, दुडकी चालीने सरळ रेषेत नेऊन आणायला सांगावे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. हे एकदा ओळखता आले की डोके खालीवर होताना डोळ्यांना लगेच टोचते. त्यावर प्रथम मालकाने बसावे, मग शक्य असल्यास तुमच्या सोबतच्या जाणकाराने, आणि सर्वांत शेवटी तुम्ही. फाटकातून एकट्याने बाहेर रस्त्यावर न्यावा, कारण अंगणात गोगलगाय असणारे कित्येक घोडे फाटकापाशी अडून बसतात.

वय दातांवरून पाहावे. पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे दात कायमचे आलेले असतात. साधारण दहाव्या वर्षी वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, ती पंधराव्याच्या सुमारास दाताच्या मध्यावर येते आणि विसाव्याच्या सुमारास टोकापर्यंत पोहोचते. ‘आठ वर्षांची आहे’ असे सांगितलेल्या घोडीच्या दातावर ही खाच मध्यापर्यंत उतरलेली असेल तर पुढे बोलण्याचे कारण नाही.

घोड्याच्या अंगावरील केसांच्या भोवऱ्यांविषयीही लोक विचारतात. देवमण हा शुभ मानलेला भोवरा असलेला घोडा भाग्याचा आणि डोळ्याखाली भोवरा असलेला अशुभ, असे मानणारे खरेदीदार अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे किमतीवर त्याचा परिणाम होतो. चालीत किंवा स्वभावात भोवऱ्याने काही फरक पडलेला मला आढळला नाही. ज्याला त्याची अडचण वाटत नाही, त्याला चांगली शिकवलेली घोडी केवळ या कारणाने कमी पैशांत मिळू शकते. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र आधी विचारून घ्यावे, नाहीतर पहिल्या ठेचेला तिचाच भोवरा कारण ठरेल.

पैसे देण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित आढळलेला घोडा शासनाच्या नियमानुसार नष्ट करावा लागतो. म्हणून तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय जनावर घरी आणू नये. गोमाश्यांमार्फत पसरणाऱ्या सर्रा रोगाचीही तपासणी त्याच वेळी करावी. धनुर्वाताची लस झाली आहे का, हे विचारावे. उत्तर संदिग्ध असेल तर ती नव्याने द्यावी.

तेव्हा तुमच्यापुरते माझे मत असे. दोन वर्षांचा काळा नर घेऊ नये, थरोब्रेडही नको. आठ ते बारा वर्षांची, घेर-लांबीच्या हिशेबाने चारशे किलोंच्या आसपास भरणारी, स्वारीत मुरलेली घोडी शोधावी. ती कच्छी-सिंधी मिळाली तर पहिली पसंती, काठेवाडी किंवा मारवाडी मिळाली तरी हरकत नाही, आणि या तिघांच्या मिश्र रक्ताची निघाली तर केवळ त्या कारणाने नाकारू नये, कारण तुम्हाला पैदास करायची नाही. मुलीची आवड वर्षभर टिकली तर तिच्यासाठी भीमथडी घोडी घ्यावी. घोडा हा कळपातला प्राणी असल्याने दोघींना सोबतही होईल. दरम्यान तुम्ही दोघांनी दुसऱ्याच्या घोड्यावर काही महिने शिकून घ्यावे. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर लढणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार असे दोन प्रकार होते. तुम्ही एक हंगाम बारगीर राहावे, शिलेदारी पुढे आहेच. पाचगणीच्या टेबललँडवर दोर धरून फिरवलेल्या घोड्यावर बसणे यात धरू नये.

वेळेचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण तो तुमच्या व्यवसायाशी बांधलेला आहे. सारंगखेड्याचा बाजार भरतो तेव्हा तुमची ऑक्टोबर छाटणी होऊन बाग ऐन नाजूक अवस्थेत असते. ढगाळ हवामान आले की रात्री-अपरात्री फवारणीला उठावे लागते, आणि त्यानंतर माल उतरेपर्यंत उसंत नसते. नव्या घोड्याला पहिले दोन महिने रोज मालकाचा हात लागतो. त्या काळात तो गड्यावर सोपवला तर त्याला सवय गड्याची लागते. म्हणून हिवाळ्यात बाजार पाहून ठेवावा, घोड्या पाहाव्यात, ओळखी वाढवाव्यात. खरड छाटणी उरकल्यावर, जून-जुलैत हात मोकळा असताना घोडी आणावी, आणि मालक तयार असेल तर पंधरा दिवस तुमच्या ठाणावर ठेवून मग व्यवहार पक्का करण्याची अट लेखी घालावी. चांगली घोडी विकणारा माणूस या अटीला सहसा नाही म्हणत नाही.